छावणीतला मुलगा आणि साताऱ्याचे अंगण

मराठ्यांच्या इतिहासाचे पुस्तक उघडले की पहिल्या पानापासून घोड्यांच्या टापा ऐकू येऊ लागतात. स्वाऱ्या, तह, चौथाई, सरदेशमुखी, पालखेड, पानिपत, खर्डा ही नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. आणि ह्या दूरदेशी, जेथे शाळेच्या पुस्तकात मराठ्यांना जेमतेम दोन-चार पाने मिळतात, तेथे तर ती मुद्दाम घरी बसवून पाठ करून घेतो. ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी ह्या स्वाऱ्या केल्या ती माणसे स्वारीवर नसत तेव्हा काय करीत, त्यांच्या दारात कोणते झाड होते, उंबऱ्यापाशी कोणते कुत्रे निजत असे, फुरसतीचा दिवस ती कोठे घालवीत, हे सहसा कोणी विचारीत नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही हाच प्रश्न हाती घ्यावयाचे ठरविले.

ह्या निवडीला एक घरगुती कारणही आहे. आमच्या ह्या पोलादनगरीत जी पहिली मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त आली, त्यांनी बरोबर काय काय आणले ह्याची यादी केली, तर तीत ढाल-तलवार कोठेही आढळणार नाही. देवघरातले टाक, पुरणयंत्र, पाटा-वरवंटा आढळेल. आणि आगगाडीच्या प्रवासात मोठ्या स्टेशनावर उतरून पाणी शिंपडत जिवंत ठेवलेले, ओल्या फडक्यात बांधलेले अळूचे व सोनटक्क्याचे कंद आणि गवती चहाचे ठोंब आढळतील. क्वार्टरच्या पुढच्या हातभर जमिनीत ते लागले, त्यांना पाने फुटली, आणि मग शेजारणीने विचारले, 'तुम्ही कोठल्या?' मंडळाची घटना, कार्यकारिणी व वर्गणीची पावतीपुस्तके पुष्कळ नंतरची. म्हणजे आपल्या मंडळाचाही इतिहास प्रथम अंगणातच सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

अंगणाविना बालपण

अंगणाची खरी किंमत ज्याला अंगण मिळाले नाही त्यास कळते. आमच्या इतिहासात असा एक पुरुष आहे आणि तो सामान्य नव्हे, छत्रपतींच्या गादीवर बसलेला आहे. थोरले शाहू महाराज हे ते पुरुष. त्यांचा जन्म १८ मे १६८२ रोजी कोकणात माणगावजवळ गांगवली येथे झाला. सातव्या वर्षी, १६८९ च्या मार्चमध्ये, पिता संभाजी महाराज औरंगजेबाच्या क्रौर्याला बळी पडले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि मातोश्री येसूबाईंसह हा बालक मोगलांच्या हाती गेला. तेथून पुढे १७०७ पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे, त्यांचे घर म्हणजे बादशहाची छावणी होती.

ही छावणी म्हणजे चालते शहर होते. इटालियन प्रवासी जेमेली करेरी ह्याने १६९५ साली कृष्णाकाठी गलगले येथे ती पाहिली आणि तिचा घेर तीस मैलांचा असल्याचे लिहून ठेविले. बाजार, हत्ती, उंट, तोफा, जनानखाना, कारखाने हे सर्व कापडाच्या भिंतींत. त्याच वर्षी बादशहाने भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे मुक्काम हलविला आणि तेथे १६९९ पर्यंत तळ दिला. नंतर पुन्हा किल्ल्यामागून किल्ले घेत ही नगरी डोंगरदऱ्यांतून फिरत राहिली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने ह्या मायलेकरांना मायेने वागविले असे सर्व इतिहासकार सांगतात. परंतु माया मिळाली तरी तंबूला अंगण नसते. ज्या झाडाच्या सावलीत आज खुंट ठोकावा ते झाड उद्या मागे राहावयाचे. जे पिल्लू आज पायांत घोटाळते ते पुढच्या मजलीला गर्दीत हरवावयाचे. हा मुलगा वयाच्या सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत असा वाढला, एवढे ध्यानी ठेविले म्हणजे त्याच्या पुढील आयुष्यातील पुष्कळ गोष्टी, ज्यांस इतिहासकार लहरीपणा म्हणतात, निराळ्या दिसू लागतात.

औरंगजेब १७०७ मध्ये वारला. त्याचा पुत्र आझमशहा उत्तरेकडे निघाला असता त्याने वाटेत शाहूंना सोडून दिले. मातोश्रींना मात्र ओलीस ठेवून घेतले; त्या १७१९ साली बाळाजी विश्वनाथांबरोबर परत आल्या, तोवर पुत्राला राज्य मिळून अकरा वर्षे लोटली होती. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. गडाखाली त्यांनी शाहूनगर वसविले, आणि १५ डिसेंबर १७४९ रोजी तेथेच देह ठेविला. आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे ज्याला जागा बदलीत काढावी लागली, तो पुढील चाळीसांहून अधिक वर्षे बहुतेक एकाच गावी राहिला. राजाने स्वतः सैन्य घेऊन बाहेर पडावे, हे काम पेशव्यांवर टाकू नये, असा आक्षेप त्यांच्यावर पूर्वीपासून घेतला जातो, आणि राज्यकारभाराच्या दृष्टीने तो पोकळही नाही. गादीची सत्ता साताऱ्याहून पुण्यास सरकली ती ह्याच काळात. परंतु तंबूत वाढलेल्या माणसाला छप्पर, झाड आणि ओळखीची वाट ह्यांची तहान किती असावी, हे आम्हां बदलीच्या नोकरीवाल्यांना तरी कोणी समजावून सांगावयास नको.

शिकार, पक्षी आणि खंड्या

पुण्याच्या पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली १९३० नंतर निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. त्या कागदांतून आणि सरदेसायांच्या रियासतीतून शाहू महाराजांचे जे खासगी चित्र उभे राहते ते एखाद्या सुखवस्तू, दयाळू व शेतीवाडीत रमणाऱ्या गृहस्थाचे आहे. त्यांना शिकारीचा नाद होता, चांगली कुत्री व घोडी ह्यांची पारख होती, पाखरांची हौस होती, बागांची आवड होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रज घाबरले. त्यांनी कॅप्टन गॉर्डन नावाचा वकील शाहू महाराजांकडे पाठविला. मोठमोठ्या राजकारणाच्या गोष्टी व्हावयाच्या होत्या, त्या झाल्याही. परंतु महाराजांनी इंग्रजांकडून ज्या वस्तूंची इच्छा दर्शविली त्यांत गिनी कोंबड्या, टर्की पक्षी आणि बसऱ्याची कबुतरे होती. अर्धा हिंदुस्थान ज्याच्या नावाने चौथाई देत होता, त्या राजाला परमुलखातले पाखरू आपल्या अंगणात फिरताना पाहावयाचे होते.

आता कुत्र्याची गोष्ट. ग्रँट डफ हा साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत छापला गेला. त्यात त्याने पुढील हकीकत दिली आहे. शाहू महाराजांचे एक लाडके कुत्रे होते. वाघाच्या शिकारीत त्याने धन्याचा जीव वाचविला होता. महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनदा करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि तो पालखीचा सरंजाम चालूही ठेविला. पुढे एकदा मोठे सरदार भेटीस यावयाचे असता महाराजांनी त्या कुत्र्यास जरीचा पोषाख व जवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, आणि त्यानंतर महाराजांनी स्वतः पगडी घातली नाही. साताऱ्याकडील परंपरेत ह्या कुत्र्याचे नाव खंड्या असे सांगतात.

ग्रँट डफने ही गोष्ट राजाच्या बुद्धिभ्रंशाचे उदाहरण म्हणून सांगितली आहे. आम्हांस ती वाचताना प्रत्येक वेळी दोन भाग निराळे करावेसे वाटतात. पगडीचा प्रसंग चमत्कारिक खरा. त्यात खिन्नता होती की भरजरी सरदारांची थट्टा होती, हे आज कोणी सांगू शकणार नाही. परंतु जहागिरीची गोष्ट त्या काळच्या रिवाजाला अगदी धरून आहे. ज्याने लढाईत धन्यासाठी जीव धोक्यात घातला त्याला इनाम द्यावयाचे, मान द्यावयाचा, आणि ते कागदावर उतरवावयाचे, हीच आमच्या राज्याची रीत होती. महाराजांनी नियम मोडला नाही. तो नियम कोणाला लागू करावयाचा ह्याची मर्यादा तेवढी वाढविली.

साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णा आणि वेण्णा ह्यांचा संगम आहे. त्या गावाला संगम माहुली म्हणतात. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे ह्याच गावचे. तेथे श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ साली बांधविलेले विश्वेश्वराचे देवालय आहे, शाहू महाराजांची समाधी आहे, आणि त्यांच्या इमानी कुत्र्याची म्हणून दाखविली जाणारी समाधीही आहे. सुटीत गावी जाणाऱ्या आपल्या सभासदांनी मुलांना घेऊन एकदा तेथे अवश्य जावे. राजधानीचा मुलूख पाहून झाला की काठावरचा हा लहानसा दगडही दाखवावा.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे जे स्मारक आहे, त्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी डोळ्यांत पाणी आणून ऐकली आहे. ते स्मारक १९३६ सालचे आहे, आणि त्या कथेला शिवकालीन कागदांत आधार सापडत नाही, असे इतिहास संशोधकांचे म्हणणे आहे. ह्यावरून अलीकडे बरेच वादही झाले. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु कथा कोणती आणि इतिहास कोणता, हे मुलांना सांगताना निराळे ठेवावे. शाहू महाराजांच्या कुत्र्याची हकीकत त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी छापली गेली आहे. तेवढ्यापुरती ती अधिक भरवशाची.

कुत्र्याला मान देणे ही केवळ राजाची लहर नव्हती. मराठी गावगाड्यात त्याचे स्थान जुने आहे. खंडोबाच्या बरोबर कुत्रा असतो, आणि चंपाषष्ठीला वांग्याच्या भरिताचा व रोडग्यांचा नैवेद्य झाला की कुत्र्याच्या तोंडी घास दिला जातो. दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्री असतात आणि त्यांस चार वेद मानतात. ह्याच परंपरेत शिकारीची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. तेराव्या शतकातील लीळाचरित्रात एक प्रसंग आहे. पारध्यांनी पैज लावून सशावर कुत्री सोडली. दमलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. पारध्यांनी तो मागितला, पण स्वामींनी शरण आलेल्याला दिले नाही, आणि अखेर पारधी मन बदलून गेले. कुत्र्यावर प्रेम करणारा शिकारी आणि सशाला मांडीखाली घेणारा साधू, हे दोघेही आपलेच. सह्याद्रीच्या ज्या रांगांत वाघाची शिकार होत असे, तेथे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तेव्हा ह्या दोघांपैकी शेवटी साधूचे म्हणणे सरकारदरबारी मान्य झाले, असे म्हणता येईल.

पोराप्रमाणे वाढविलेली झाडे

झाडांविषयी मात्र आमच्या पूर्वजांत दुमत नव्हते. शाहू महाराजांच्या प्रतिस्पर्धी अशा कोल्हापूरच्या दरबारी रामचंद्रपंत अमात्य होते. त्यांनी १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र सिद्ध केले. राज्य कसे चालवावे ह्याचा तो ग्रंथ. त्यात किल्ले, आरमार, सावकार, वतनदार ह्यांची चर्चा आहे. परंतु त्यातील झाडांची कलमे आम्हांस सर्वांत अधिक वाचनीय वाटतात. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ ह्यांसारखे मोठे वृक्ष, लिंबू-नारिंगांसारखी लहान झाडे आणि फुलझाडे लावून जतन करावीत, प्रसंगी ती लाकडाच्या उपयोगी पडतात, असे अमात्यांनी सांगितले आहे.

आरमाराच्या प्रकरणात तर ते ह्याहून पुढे जातात. तारवे बांधावयास लाकूड लागते. सागवान लागेल ते हुजूर परवानगीने राज्यातील अरण्यातून तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, परंतु त्यांस हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये. समुद्रावर इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी ह्यांच्याशी गाठ होती, गलबतांची निकड होती. अशा वेळी एका कुणब्याच्या आंब्यासाठी राज्याने थांबावे असे हे शास्त्र आहे. सातारा व कोल्हापूर ह्या दोन गाद्यांत वैर होते, पण आम्हांस वाटते की साताऱ्याचा बागप्रिय राजा आणि कोल्हापूरचा हा अमात्य आंब्याच्या सावलीत भेटते, तर त्यांचे भांडण फार वेळ टिकले नसते.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजेचे पाणी बंदिस्त नळाने शहरात आणविले, पर्वतीखाली तळे केले, बागा उठविल्या. सवाई माधवरावांच्या काळी तेथे शिकारखाना होता, म्हणजे जनावरे पाळण्याची जागा. तेथील गेंड्याची चित्रे गंगाराम तांबट ह्या पुण्याच्या चित्रकाराने १७९० साली काढली. ती आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहेत. कारागीर तांबट आळीतला आणि चित्र सातासमुद्रांपलीकडे, असा हा योग आहे.

दूरदेशीची मराठी अंगणे

मराठे जेथे जेथे गेले तेथे ही आवड बरोबर गेली. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे ह्यांनी १७९८ ते १८३२ राज्य केले. सर्व बाजूंनी तमिळ मुलूख, वर इंग्रजांचा अंमल, हाती सत्ता नाममात्र. त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला, हे आपणांस ठाऊक असते. ह्याच राजांनी पशू, पक्षी व वनस्पती ह्यांची चित्रे स्थानिक चितारी लावून काढविली, हे फारसे ठाऊक नसते. तेथील रेसिडेंट बेंजामिन टोरिन ह्याला दिलेला त्यांपैकी एक संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. पूर्वज कोठून आले ते दगडावर लिहावयाचे, आणि आपण जेथे आहोत तेथले पाखरू कागदावर उतरवावयाचे. परमुलखात राहणाऱ्याने ही दोन्ही कामे करावीत, हाच ह्या राजाचा धडा आहे.

बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ साली सार्वजनिक बाग झाली. ती कमाटी बाग ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच संस्थानात १८९३ साली क्रुम्बिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ इंग्लंडातील क्यू उद्यानातून नोकरीस आला. पुढे १९०८ च्या सुमारास तो म्हैसूर संस्थानात गेला. एक झाड फुलून ओसरते न ओसरते तोच दुसरे फुलावे, अशा बेताने बंगळूरच्या रस्त्यांवर झाडे लावली गेली, ती त्याच्याच योजनेने. आपल्या मंडळातील ज्या कुटुंबांची मुले आज बंगळुरास नोकरीला आहेत, त्यांनी हा बडोद्याचा धागा मुलांना अवश्य कळवावा.

कुत्र्यांच्या बाबतीत हेच मुधोळने केले. मुधोळ आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. कन्नड महाकवी रन्न ह्याचे जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध. तेथे घोरपडे घराण्याचे संस्थान होते. त्या भागातील बेरड लोक एका जातीच्या कुत्र्यांनिशी शिकार करीत. अंग सडपातळ, तोंड लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय काठीसारखे. वासापेक्षा नजरेवर सावज धरणारे. आमच्या दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांत ह्यालाच कारवानी कुत्रा म्हणतात, आणि कानांवर व शेपटीवर झुलपे असतील तर पश्मी म्हणतात. मालोजीराव राजे घोरपडे ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या कुत्र्यांची निपज हाती घेतली, आणि त्यांची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांना नजर केली असे सांगतात. विलायती कुत्री पाळणे हे ज्या काळी प्रतिष्ठेचे लक्षण होते, त्या काळी एका संस्थानिकाने बेरडांच्या झोपडीपुढील कुत्र्याचे मोल ओळखिले, ही गोष्ट लहान नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली आणि ह्या कुत्र्यांचे मूळचे काम गेले. तथापि जात टिकली. २००५ साली भारतीय डाक खात्याने मुधोळ कुत्र्याचे चित्र तिकिटावर छापले, आणि पुढे लष्करानेही ह्या जातीची पिले शिकवून तयार करण्यासाठी नेली. गावकऱ्यांनी पाळली, राजाने पारखली, म्हणून ती उरली.

आमचे अंगण

आता आमच्याविषयी चार शब्द, कारण इतिहास आपल्या दारापर्यंत आणून सोडला नाही तर तो परक्याचाच राहतो.

आमच्या पहिल्या गणेशोत्सवात मूर्ती मिळाली, मोदकांना तांदळाची पिठी मिळाली, अडले ते पत्रीवाचून. आघाडा, माका, डोरली, शमी, विष्णुक्रांत ही नावे येथल्या बाजारात कोणास कळेनात. तेव्हा मुलांच्या तुकड्या करून आम्ही कारखान्याच्या भिंतीकडेने, नाल्याकाठाने हिंडलो. येथल्या एका म्हाताऱ्या गवळ्याने प्रत्येक पान हातात घेऊन, हुंगून, आपल्या बोलीतले नाव सांगितले आणि जागा दाखविली. त्या दिवशी आमच्या ध्यानी आले की झाडे येथेही तीच आहेत, नावे तेवढी शिकावयाची आहेत. पुढे दरवर्षी पत्रीसाठी जाणे हा मुलांचा सणच झाला. मंडपाशी राखणीस बसणारा मोत्या नावाचा गावठी कुत्रा त्यांच्या पुढे धावे. त्याला जहागीर नव्हती. परंतु विसर्जनानंतरच्या जेवणात त्याचे पान मात्र कोणी विसरत नसे.

कार्तिकात आवळीभोजनासाठी आम्ही गावाबाहेरच्या एका जुन्या आवळीखाली जमत असू. रस्ता रुंद करण्याच्या कामात ती एके सकाळी तोडली गेली. आम्हांस कोणी विचारले नाही, अशी तक्रार आम्ही बरीच वर्षे करीत होतो. खरे सांगावयाचे तर ती तोडली जाणार हे आमच्यापैकी काहींच्या कानांवर होते, आणि आम्हीही कोणाकडे गेलो नाही. आपण येथे नोकरीपुरते, हे झाड आपले कोठले, असा संकोच आड आला. अमात्यांचे आज्ञापत्र त्यानंतर वाचनात आले. त्यात धन्यास राजी करावे म्हटले आहे. पण धनी कोण, हे आधी धन्याला ठाऊक असावे लागते. तीस वर्षे ज्याच्या सावलीत आपण पानावर बसलो त्याला आपले म्हणावयास आम्ही कचरलो, हा दोष आमचाच आहे.

ह्याच्या उलट एक आठवण. आमच्यातल्या एका काकूंनी रत्नागिरीहून आणलेले आंब्याचे कलम क्वार्टरमागे लावले होते. निवृत्तीनंतर किल्ली परत करावी लागते; झाड उपटून नेता येत नाही. निघण्याच्या दिवशी त्यांनी नव्या रहिवाशांना, ते तेलुगू भाषक होते, पाणी केव्हा तोडावयाचे आणि मोहोर आल्यावर काय जपावयाचे हे अर्ध्या हिंदीत, अर्ध्या खुणांनी समजाविले. काकू पुण्यास गेल्या. त्या घरातून मात्र दर चैत्रात मंडळाच्या हळदीकुंकवाला, डाळ-पन्ह्यासाठी, कैऱ्यांची पिशवी न चुकता येत राहिली.

शाहू महाराजांना पुत्र नव्हता. गादी दत्तकाकडे गेली, सत्ता पुण्यास गेली. त्यांच्यामागे त्यांनी वसविलेले गाव मात्र राहिले. साताऱ्यापासून काही कोसांवर असलेले कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गणले गेले. तेथे पावसाळ्यात पाण्याकाठी वायतुरा नावाची वनस्पती फुलते. तिच्या शास्त्रीय नावात सातारा हे नाव कायमचे गुंफलेले आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची कार्यकारिणीस एकच सूचना आहे. मंडळाच्या दप्तरात जमाखर्चाच्या व इतिवृत्ताच्या वह्यांशेजारी आणखी एक वही असावी. कोणत्या घरामागे कोणते झाड आहे, ते कोणी, कोठून व कोणत्या साली आणले, आज त्याला पाणी कोण घालते, हे तीत लिहावे. आणि मंडळाच्या आवारात येत्या कार्तिकात एक आवळी लावून त्या वहीतील पहिली नोंद तिची करावी. धनी म्हणून सर्व सभासदांची नावे घालावीत, म्हणजे पुढे कोणी कुऱ्हाड घेऊन आला, तर विचारावे कोणास हे त्याला कळेल, आणि उत्तर कोणी द्यावयाचे हे आम्हांसही कळेल.